पंचाहत्तर किलोंचे साहेब

“हात गार आहेत हिचे,” साहेब पुटपुटले.

त्यांचं तोंड माझ्या कानापासून वीतभर लांब होतं. मी त्यांच्या काखेखालून टेप ओढून घेत होते. तक्रार मला नव्हती, समोरच्या भिंतीला होती. उत्तर मामंजींनी दिलं.

“हिवाळा आहे, साहेब.”

“हिवाळा आम्हालाही आहे. आमचे गार आहेत का?”

त्यांचे हात माझ्यापेक्षा गार होते. पण हे सांगायला कोण जाईल?

साहेब म्हणजे सिदोजीराव धायगुडे. आमच्या कडेवळ तालुक्याच्या माथ्यावर मेंढरं राखणाऱ्याच्या घरात जन्मले आणि दिल्लीत दोनदा मंत्री झाले. एकदा तर त्याहून मोठे व्हायचे राहिले. माझे सासरे, नामदेव खटावकर, पंचेचाळीस वर्षं त्यांचे कपडे शिवत होते. आता मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून टेप माझ्या हातात आला होता. ते खुर्चीवर मापवही घेऊन बसले होते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते.

आमच्या धंद्यात माप घेणारा आकडा मोठ्याने म्हणतो आणि दुसरा लिहितो. गिऱ्हाईकही ऐकतं, म्हणजे मागाहून भांडण नको. साहेबांना ही पद्धत आवडायची. दिल्लीत त्यांना एक शिंपी गप्प राहून मापं घेणारा भेटला होता. त्याच्याकडे ते पुन्हा गेले नाहीत. “मुक्या माणसाने शिवलेलं मी घालत नाही,” म्हणाले, आणि मंत्री असतानाही कपडे शिवायला कडेवळला येत राहिले.

तर टेप छातीवर आला. वहीतला शेवटचा आकडा त्रेचाळीस होता. माझ्या अंगठ्याखाली साडेपस्तीस होते.

आत येताना साहेबांचे चिरंजीव जयवंतदादा फाटकात मला म्हणाले होते, “वहिनी, आकडे जरा जपून म्हणा.” मला तेव्हा अर्थ कळला नव्हता. माणसाच्या छातीचा आकडा जपायचा म्हणजे काय करायचं?

“बोल की गं,” साहेब म्हणाले. “टेप संपला का?”

“छाती बेचाळीस,” मी म्हणाले.

मामंजींची पेन्सिल थांबली. मोतीबिंदू असला तरी माझा अंगठा कुठे आहे एवढं त्यांना दिसत होतं. मग पेन्सिल चालू झाली. खाटेवर साहेबांच्या पत्नी, माई, वाती वळत बसल्या होत्या. त्यांचा हातही थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“कंबर चाळीस,” मी म्हणाले. एकतीस होती. “गळा सोळा.” गळ्याभोवतीच्या टेपात माझी दोन बोटं आरामात फिरत होती.

“म्हणजे पित्ताने इंचभरच नेलं,” साहेब म्हणाले आणि माईंकडे बघितलं.

“औषध लागू पडतंय,” माई वातीकडे बघत म्हणाल्या.

“जयवंत! दिल्लीचा फोन?”

“लाइन खराब आहे, आबा,” दारातून उत्तर आलं.

“कधीपासून खराब आहे ती?” असं म्हणत साहेब येरझाऱ्या घालायला लागले. खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत. पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळून बांधलेली मला दिसत होती. सगळ्यांनाच दिसत असणार.

बाहेर व्हरांड्यात दादांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. मामंजी बसले, मी उभी राहिले.

“काका, अवघड झालंय,” दादा म्हणाले. “रविवारी मार्केट यार्डात आबांच्या पंचाहत्तरीचा सत्कार आहे, वह्यांची तुला. पंचाहत्तर वर्षं म्हणून पंचाहत्तर गावं, प्रत्येक गावाचा एक किलोचा वह्यांचा गठ्ठा. गठ्ठ्यावर गावाचं नाव. तुला झाली की वह्या शाळांना. आबांचं वजन गेल्या वर्षी चौऱ्याऐंशी होतं. म्हटलं, पंचाहत्तर गावांचे घालू, वरचे नऊ कमिटी घालेल. पत्रिकेत गावांची नावं छापून गेली. गठ्ठे बांधून, मोजून आले.”

“मग झालं की,” मामंजी म्हणाले.

“वजन जरा उतरलंय.”

“किती?” मी विचारलं.

दादांनी अंगणातल्या जास्वंदीकडे बघितलं. “एकसष्ट.”

“मग चौदा गठ्ठे कमी घाला.”

बाही लांब झाली म्हणून हात कापा असं मी सुचवल्यासारखं दादांनी माझ्याकडे बघितलं. “कुठले चौदा, वहिनी? तुम्ही सांगता का त्या गावांना? यादी रस्त्याच्या क्रमाने छापलीय. शेवटी येतात ती माथ्यावरची. आबांची स्वतःची गावं. आजोळ तर पंचाहत्तरावं आहे. त्यांचा गठ्ठा जमिनीवर ठेवून चैत्रात मी मतं मागायला वर कुठल्या तोंडाने चढू?”

“पारड्यात गादीखाली काही तरी...”

“दोन्ही पारडी आधी रिकामी दाखवायचीत. विरोधी बाजूची माणसं पहिल्या रांगेत बोलावलीत आपण. मोठेपणा म्हणून.” मोठेपणाचा त्यांना आता पश्चात्ताप होत असावा. “फेटा, शाल, हार, हातात नारळ, धरून चार किलो होतात. हिशोब केलाय. राहिले दहा. ते कोटात बसवा.”

“दहा किलो? अंगावर?”

“पाच मिनिटांचं काम आहे.”

“आणि साहेबांना काय सांगणार? कोट जड का म्हणून?”

“पोलिसांनी सांगितलं म्हणायचं. गोळी अडवणारं अस्तर. मोठ्या नेत्यांना हल्ली घालावंच लागतं.”

माई दारात येऊन उभ्या होत्या, कधी आल्या कळलं नाही. “पित्त गेलं की अंग भरेल परत,” त्या कुणाला उद्देशून नाही अशा म्हणाल्या.

“माई, डॉक्टर नक्की काय म्हणाले?” मी विचारलं.

“पथ्य सांगितलंय,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी मामंजींकडे बघितलं. नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी खोटा टाका घातला नव्हता. ते चष्मा पुसत म्हणाले, “करू. साहेबांचा मान आहे.”

मी शिवण कुणाकडे शिकले नाही. लग्न होऊन आले तेव्हा बटण लावता येत होतं, बास. मामंजी दुपारी आडवे झाले की दुरुस्तीला आलेले कपडे मी उसवायची आणि ते उठायच्या आत पुन्हा शिवायची. जास्तीत जास्त उसवले ते साहेबांचेच सदरे, कारण दुकानात तेच जास्त. आणि देशाचं राजकारण मी शिकले ते मापवहीतून. सातवीनंतर शाळा सुटली होती, पण ही वही मी पुस्तकासारखी वाचली.

पहिली नोंद अठ्ठेचाळीस सालची. ‘धायगुडे सिदोजी, खिळे जुळवणार. सदरा एक. छाती ३४.’ बेचाळीसच्या तुरुंगातून बाहेर येऊन ते बाजारपेठेतल्या छापखान्यात कामाला होते, आणि रिकाम्या वेळात स्वतःचं साप्ताहिक स्वतःच लिहून, स्वतःच जुळवून छापायचे. मग एक निवडणूक हरले : छाती चौतीसच. पुढची जिंकले : अडतीस, ‘दिल्लीसाठी बंद गळा’. मंत्री झाले : एक्केचाळीस, कंबरेपुढे मामंजींची टीप, ‘बसून काम वाढले’. पुढे मंत्रिपद सोडून विरोधात गेले आणि एकोणीस महिने तुरुंगात राहून आले. त्या पानावर छाती सदतीस, आणि शेजारी, ‘पण आवाज तोच.’ मग पुन्हा मंत्री, आणि छाती त्रेचाळीस.

आणि एक नोंद अशी होती की तिच्यापुढे ‘नेले’ असं लिहिलेलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात दिल्लीतलं सरकार पडलं आणि आठ दिवस साहेबांचं नाव सगळ्यात वरच्या खुर्चीसाठी घेतलं जात होतं. मामंजींनी कुणी न सांगता त्यांच्या मापाचा पांढरा कोट कापला. शपथविधीला ऐन वेळी कुठे शोधाशोध करतील, असं त्यांचं म्हणणं. पाच काजं झाली, आणि सहावं पाडताना रेडिओवर दुसऱ्याचं नाव आलं. मामंजींनी सुई टोचून ठेवली आणि कोट कागदात गुंडाळून वरच्या फळीवर टाकला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो तिथंच होता. दुकानात त्याला नाव नव्हतं. ‘तो कोट’ म्हणायचे.

“तोच काढ,” मामंजी म्हणाले.

“मामंजी, नको.”

“नवा शिवायला वेळ कुठंय? आणि त्यात जागा आहे.”

जागा होती हे खरं. मधली साडेसात इंचांची जागा कशाने भरायची, एवढाच प्रश्न होता. बाजारपेठेतला तो छापखाना त्याच वर्षी नव्या यंत्रावर गेला होता, आणि अक्षरांचे शिशाचे जुने खिळे पोत्यात भरून मोडीत निघाले होते. शिसं जागा कमी घेतं, वजन जास्त देतं. दादांनी दहा किलो पाठवून दिले. मी अस्तराला गोधडीसारखे उभे कप्पे घातले आणि एकेक अक्षर आत सोडून शिवत गेले. खांद्यावर कमी, कंबरेकडे जास्त, म्हणजे छातीवर ओझं नको. दोन दिवस लागले. ओझं टाळायच्या या माझ्या हुशारीचं मला कौतुकही वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

शनिवारी सकाळी मी कोट घेऊन एकटीच गेले. मामंजींना ताप भरला होता. खरं सांगायचं तर त्यांना तो कोट साहेबांच्या अंगावर बघायचा नव्हता.

साहेब खोलीत येरझाऱ्या घालत होते. दादा कार्यक्रमाच्या धांदलीत, माई स्वयंपाकघरात. मी कोट दोन्ही हातांनी धरून मागून चढवला. कोट खांद्यावर बसला तसे साहेब थोडे खाली गेले, मग सावरून आरशापुढे ताठ झाले.

“गोळी अडेल ना याच्यात?”

“अडेल, साहेब.”

“मला कोण गोळी घालतंय गं? पंधरा वर्षांत कुणी धमकीचं पत्रसुद्धा लिहिलं नाही. आधी महिन्याला दोन यायची. एक माणूस तर अक्षर फार छान काढायचा.” ते हसले, आणि हसता हसता धाप लागली म्हणून कपाटाला टेकले. “कापड जुनं दिसतंय. कधी शिवलास?”

मी पाठीवरची घडी सारखी करत राहिले.

त्यांनी आतल्या खिशाशी टाचलेली चिठ्ठी बघितली. त्यावर तारीख होती. त्या उन्हाळ्यातली. ती काढायची माझी राहून गेली होती. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं.

“नामूने शिवला होता? मला बोलला नाही कधी.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“हं. माझ्या घरात नि दारात सगळे याच कामाला लागलेत.”

मी बटणं लावायला पुढे झाले. सहावं काज मी पाडून आणलं होतं. तेवढ्यात साहेबांनी कोटाचा काठ चिमटीत धरला आणि अंगठा अस्तरावरून फिरवला. एकदा फिरवला, परत फिरवला. मग डोळे मिटून घेतले.

“हा ‘भ’ आहे,” ते म्हणाले. “छत्तीसचा. मथळ्याचा.” अंगठा पुढे सरकला. “हा काना. हा मोडका ‘श’. याची शेंडी मीच मोडली, फरशीवर पाडून. मालकाने थोबाडीत मारली होती.”

माझ्या हातातलं बटण तसंच राहिलं.

“खिळे जुळवणाऱ्याला डोळे लागत नाहीत, पोरी. किती किलो घातलेत?”

“दहा.”

“फेटा, शाल, हार धर चार.” त्यांनी ओठ हलवून वजाबाकी केली. उभं आयुष्य मतांचे आकडे जमवण्यात गेलेला माणूस, त्याला कितीसा वेळ लागणार? “म्हणजे माझे एकसष्ट. आणि गावं पंचाहत्तर. माथ्यावरची चौदा राहात होती, म्हणून हे.”

“हो.”

“आमचा जयवंत अगदीच मठ्ठ नाही म्हणायचा.”

मला वाटलं आता चिडतील, कोट काढून फेकतील. त्यांनी उरलेलं बटण स्वतःच लावलं.

“घालीन मी. माथ्यावर रस्ता शेवटी गेला, वीज शेवटी गेली. दोन्ही वेळा मी दिल्लीत होतो. वह्या तरी त्यांच्या वर चढू देत.” मग आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाले, “त्या दिवशी तू बेचाळीस म्हणालीस. तुझा अंगठा माझ्या बरगडीवर होता.”

“साहेब...”

“किती होते ते विचारत नाही. मला दुसरंच पाहिजे. बस.”

मी बसले नाही. ते स्वतः खाटेवर बसले, उठले, पुन्हा बसले.

“मला पित्त नाही, हे मला ठाऊक आहे. मुंबईच्या डॉक्टरने मला बाहेर बसवून जयवंतला आत नेलं, तेव्हाच ठाऊक झालं. सरकारं अशीच पडतात. ज्याचं पडतं त्याला बाहेर बसवतात. पण घरात एकजण बोलत नाही. जोवर कुणी बोलत नाही, तोवर मला बरा असल्यासारखं वागावं लागतं. जिने चढायचे. सत्कार घ्यायचे. दिल्लीच्या फोनची चौकशी करायची. फोन येणार नाही हे मला कळत नाही? पण मी विचारलं नाही तर हिचा धीर सुटेल, म्हणून विचारतो. दमलोय मी, पोरी. कुणीतरी तोंडाने म्हटलं ना, की मला खाली बसता येईल.”

“मग तुम्हीच म्हणा, साहेब.”

“मी म्हटलं तर मी रडका म्हातारा झालो. त्यांनी म्हटलं तर मी ऐकणारा.” त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. “तू म्हण. तुला काय त्याचं? तू परकी आहेस.”

स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज आला, आणि साहेबांच्या अंगावरचं शिसं हलल्यासारखं कुठंतरी बारीक वाजलं. एक शब्द होता. मला येत होता. माझ्या मावशीला तोच झाला होता.

“कोट खांद्यावर जरा ओढतोय,” मी म्हणाले. “आणते नीट करून.”

साहेबांनी मान हलवली. रागावले नाहीत, तेच वाईट. दिल्लीत आठव्या दिवशीही असेच मान हलवून उठले असतील, असं मनात आलं.

मी कोट हातावर घेऊन मागच्या दाराने निघाले. माई पिठलं ढवळत होत्या. तशीच निघून गेले असते तर ही गोष्ट सांगायला उरली नसती. पण चपला पायात अडकवता अडकवता मी वळले.

“माई, त्यांना माहीत आहे.”

पळी थांबली नाही. “काय माहीत आहे?”

“सगळंच. मुंबईपासून. कोटात काय आहे तेसुद्धा. ते तुमच्यासाठी बरं असल्याचं सोंग करतायत. कुणीतरी तोंडाने म्हणावं, म्हणतात. म्हणजे बसता येईल.”

माईंनी चूल बारीक केली. पदराने कढई उतरवली. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

“तू कोट शिवायला आली होतीस ना?”

“हो.”

“मग शीव.”

घरी येईपर्यंत माझे कान तापले होते. मामंजींना काही बोलले नाही. खांद्याला खरंच काही करायचं नव्हतं. तरी एक शिवण उसवली आणि पुन्हा घातली.

रविवारी दुपारी मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. कांद्याच्या वखारीपुढे मांडव, मांडवात व्यासपीठ, व्यासपीठावर दोन पारड्यांचा जुना तराजू, साखळ्यांना झेंडूच्या माळा. कोट चढवायला म्हणून मला व्यासपीठाच्या मागच्या बाजूला उभं केलं होतं. तिथून साहेबांची पाठ आणि माईंचा अर्धा चेहरा दिसत होता. माई व्यासपीठावरच पहिल्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर. पन्नास वर्षांत त्या प्रत्येक व्यासपीठावर अशाच कोपऱ्यात बसल्या होत्या आणि माइकजवळ एकदाही गेल्या नव्हत्या.

दोन्ही पारडी रिकामी दाखवली. विरोधी बाजूच्या एकाने तर पारड्यावर रुमाल फिरवून बघितला. मग साहेब बसले. फेटा, शाल, हार, नारळ, आणि मामंजींचा कोट. एकेक गाव पुकारलं जाऊ लागलं. गावचा माणूस यायचा, गठ्ठा ठेवायचा, साहेबांना नमस्कार करायचा. साहेब प्रत्येकाशी बोलत होते. “काय रे, विहिरीला पाणी आहे का?” “तुझी म्हातारी कशी आहे?” तीस गावं झाली, पन्नास झाली. दादा म्हणाले होते पाच मिनिटं. पण पाऊण तास झाला, कारण प्रत्येक गाव आपला फोटो काढून घेत होतं. हे कुणाच्या हिशोबातच आलं नव्हतं. साहेबांचा फेट्याखालचा चेहरा मातकट होत चालला होता. साखळीला धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती.

साठ. एकसष्ट. तराजू हललाही नाही. माथ्यावरची गावं सुरू झाली. घोंगडी पांघरलेली माणसं वर आली. सत्तर. चौऱ्याहत्तर. पंचाहत्तरावं साहेबांचं आजोळ. एका म्हाताऱ्या बाईने गठ्ठा ठेवला, आणि साहेबांचं पारडं सावकाश, फारच सावकाश, उचललं गेलं आणि समोरासमोर आलं.

काय टाळ्या वाजल्या! मीसुद्धा वाजवल्या. मग थांबले.

दादा माइकवर आले. “मंडळी! पंचाहत्तरचे पंचाहत्तर! आबा आजही तसेच आहेत! असेच शंभर वर्षं जगणार, आणि आपल्या सगळ्यांच्या साक्षीने सांगतो, दिल्ली त्यांना पुन्हा बोलावणार! आता आबा दोन शब्द बोलतील.”

साहेबांचे दोन शब्द म्हणजे चाळीस मिनिटं, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. दोघांनी धरून त्यांना पारड्यातून उतरवलं. कोट काढायला मी पुढे झाले, तर दादांनी डोळ्यांनी मला मागे लोटलं. लोकांसमोर काढून कोट खाली ठेवताना आवाज झाला असता.

साहेब माइकपर्यंत गेले. दांडा दोन्ही हातांनी धरला. “माझ्या कडेवळकरांनो,” म्हणाले. आवाज तोच होता. मागून मला दिसत होतं, ते सगळं अंग दांड्यावर टाकून उभे होते. “आज तुम्ही...” म्हणाले आणि थांबले. लोकांना वाटलं, गहिवरले. लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. साहेब टाळ्या थांबायची वाट बघत उभे राहिले. तो दांडा सोडला तर कोसळतील, हे ते जाणत होते, मी जाणत होते, दादा जाणत होते. दादा हसत होते.

मी पायरीवर एक पाय ठेवला. दुसरा उचलवेना.

मग कोपऱ्यातली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माई उठल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि सगळ्या पाहुण्यांच्या पुढून चालत गेल्या. कुणीतरी त्यांना वाट दिली, त्यांना ओवाळायचं असेल म्हणून. त्या साहेबांच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं, मग तिसरं. टाळ्या थांबल्या. आपण माइकसमोर आहोत, हे माईंच्या लक्षात नव्हतं की होतं, हे मी त्यांना पुढेही कधी विचारलं नाही. साहेब त्यांच्याकडे खाली बघत होते, शाळेतल्या मुलासारखे, जवळजवळ आशेने.

“काय गं?” ते म्हणाले. चारी भोंग्यांतून सगळ्या बाजाराला ऐकू गेलं.

“अहो, कॅन्सर आहे तुम्हाला,” माई म्हणाल्या. “भाषण नाही केलंत तरी चालेल.”